एकही पुस्तक न काढलेला लेखक

फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप उघडून बघा. रात्री दीड वाजता सुचलेली एखादी ओळ, अर्धवट सोडलेली कथा, नंतर बघू म्हणून टाकून ठेवलेला शब्द... असा माल तुमच्याकडेही पडून असेल. आता विचार करा, एखाद्यानं आयुष्यभर जवळपास एवढंच केलं तर?

जोसेफ जुबेरनं तेच केलं. १७५४ मध्ये फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मोन्तिन्याक नावाच्या छोट्या गावात तो जन्मला. चौदाव्या वर्षी शिकायला तूलूझला गेला, पुढे तिथेच शिकवू लागला. १७७८ मध्ये पॅरिस गाठलं आणि थेट दिद्रोच्या ओळखीत शिरला. दिद्रो म्हणजे त्या काळच्या फ्रेंच विश्वकोशाचा संपादक, मोठं प्रस्थ! त्यानं या पोराला सर्व माणसांविषयीच्या सद्भावनेवर निबंध लिहायला सांगितलं. जुबेरनं टिपणं काढली, वाचन केलं, पुन्हा टिपणं काढली. निबंध काही पूर्ण झाला नाही.

आळशी होता म्हणावं, तर तसंही नाही. तो रोज लिहायचा. अडचण वेगळीच होती. पुस्तकभर सांगायचं ते त्याला एका पानात हवं असायचं, मग पानाचं वाक्य आणि वाक्याचा शब्द करायचा ध्यास. साधे, घरगुती शब्द त्याला आवडत. रोजच्या वापरातल्या शब्दांतूनच लिहिणाऱ्याचं मन दिसतं, असं त्याचं मत होतं. वादाबद्दलही त्याचं म्हणणं होतं, की जिंकण्यासाठी नको, दोघंही थोडं पुढं जावेत म्हणून वाद घाला. (कमेंट बॉक्समध्ये उतरण्याआधी आठवून बघा.)

क्रांती झाली तेव्हा गावकऱ्यांनी त्याला मोन्तिन्याकचा न्यायाधीश निवडलं. दोन वर्षं त्यानं ते काम मन लावून केलं. १७९३ मध्ये लग्न करून तो योन नदीकाठच्या व्हिलनव्हला राहू लागला. बाहेर गिलोटिन चालू होतं. जवळच्याच एका गावात शेतकऱ्याच्या झोपडीत एक आजारी तरुणी आसऱ्याला आल्याचं त्याला कळलं. ती पोलीन द बोमों. वडील जमावानं मारलेले, आई आणि भाऊ गिलोटिनवर गेलेले. जुबेर तिला भेटायला गेला. वर्षानुवर्षं तो तिला पुस्तकं सुचवत राहिला, तब्येतीवरून रागावत राहिला, पत्रं लिहीत राहिला. १८०३ मध्ये ती रोमला क्षयानं गेली. हा घाव त्याचा भरला नाही.

पोलीनच्याच घरी शातोब्रियां आपलं मोठं पुस्तक लिहीत होता. जुबेरनं तिच्यामार्फत त्याला निरोप धाडला, की संदर्भांचा ढीग कमी कर, लोकांना तुझा आवाज ऐकायचाय. दुसऱ्याच्या पुस्तकात नेमकं काय खटकतं हे त्याला लगेच दिसायचं. शातोब्रियांनंच पुढे लिहून ठेवलंय, की जुबेर वाचताना न आवडलेली पानं फाडून टाकायचा आणि त्याच्या संग्रहात मोठमोठ्या बांधणीत मोजकीच पानं उरलेली असायची. मला वाटतं, स्वतःच्या पुस्तकाचं तर त्यानं छापण्याआधीच हे केलं असावं.

१८०९ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत त्याला शिक्षण खात्यात महानिरीक्षकाचं पद मिळालं. शिकवणारा माणूस तेच पुन्हा एकदा शिकतो, ही कॉलेजच्या पोस्टरवर दिसणारी कल्पना याच्याच नावावर आहे. मुलांना सारखे दोष दाखवणाऱ्यापेक्षा समोर चांगला नमुना लागतो, हेही त्याचंच.

१८२४ मध्ये तो पॅरिसला वारला. मागे दोनशेहून जास्त लहान वह्या उरल्या. बायकोच्या विनंतीवरून शातोब्रियांनं त्यातली काही टिपणं निवडली आणि १८३८ मध्ये मित्रमंडळींपुरतं एक पुस्तक छापलं. अख्ख्या वह्या यायला १९३८ उजाडलं. त्या तारखेवार लावल्या आहेत. काही तारखांखाली फक्त एक ओळ आहे.