अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आई दहावीपर्यंत शिकली आणि लग्नानंतर गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागली. मोठ्या शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या ओट्यावर आईचा कारखाना सुरू होई. चिंचोके धुऊन वाळवायचे, लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून त्यांची चित्रे करायची, औषधाच्या बाटल्यांची झाकणे रंगवायची, जोंधळ्याच्या ताटांची बैलगाडी करायची. जूनमध्ये येणाऱ्या नव्या पोरांसाठी ही सारी तयारी असे.

मला या तयारीचा फार राग येई. स्वयंपाक, पाणी, धुणे उरकून आईला जो थोडा वेळ मिळे, तो मला न मिळता दुसऱ्यांच्या मुलांना जातो, असे वाटे. चौथीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी रागाच्या भरात चिंचोक्यांनी भरलेली परडी अंगणात उधळून दिली. आई मला काही बोलली नाही. वीज गेलेली होती. बॅटरीच्या उजेडात ती एकेक चिंचोका वेचत बसली. ते दृश्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही.

गेल्या वर्षी शिक्षणविषयक एक निबंध लिहिण्यासाठी ग्रंथालयात बसले असता ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचण्यात आले. अंगणवाडी हा शब्द आमच्या घरात रोज उच्चारला जाई, पण त्यामागे एका बाईचे आयुष्य उभे आहे याची मला कल्पना नव्हती. ते आयुष्य जसे मला समजले तसे माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते आणि आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. विधवेने पुन्हा संसार मांडणे त्या काळी समाजाला रुचत नव्हते. लोक काय म्हणतील यापेक्षा आपल्याला काय योग्य वाटते ते करावे, हा धडा ताराबाईंना घरातच मिळाला असला पाहिजे. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलींनी पदवी घेणे हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी झाली. परंतु हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरात लहान मूल, आणि समाजाच्या नजरा चोहोबाजूंनी रोखलेल्या. अशा वेळी ताराबाईंनी नोकरीची वाट धरली. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. म्हणजे दिवसा शिक्षिकांना शिकवायचे आणि घरी आल्यावर एकटीने मुलीला वाढवायचे, अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली.

मुलीला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो. ताराबाईंनाही तो पडला, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचे मूळ त्या प्रश्नात आहे. त्या सुमारास भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांचे बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषीचे विचार त्यांच्या वाचनात आले. मग त्यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर काढले. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मूल आपल्या हातांनी करून शिकत होते. ताराबाई प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये भावनगरला आल्या. प्रौढ शिक्षिकांना शिकवणारी बाई आता तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसू लागली. १९२६ मध्ये या दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका या मासिकाच्या द्वारे ताराबाईंनी बालशिक्षणाचा विचार मराठी आईबापांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोचवला. पुढे त्या मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवरचे काम मोठे होते, पण ते मुख्यत्वे शहरातील सुशिक्षित घरांतील मुलांचे होते. मॉन्टेसरीची साधने घोटीव लाकडाची, मापात बसवलेली, आणि महाग. ती खेड्यातील शाळेला कशी परवडणार? १९३९ मध्ये गिजुभाई वारले. नव्या शिक्षणाचा लाभ गरिबाच्या मुलाला झाला पाहिजे, ही तळमळ घेऊन ताराबाई १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात येते. त्या वेळी ताराबाईंचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. लोक जेव्हा निवृत्तीचा विचार करू लागतात, तेव्हा त्यांनी नवा डाव मांडला. तेथेच त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची गुरुशिष्येची जोडी अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत त्यांनी साधनांचा प्रश्न आपल्या रीतीने सोडवला. शंखशिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू हे सारे परिसरात होतेच. मोजायला खडे घ्यावेत, लहानमोठे ओळखायला शिंपले मांडावेत, आकार करायला माती मळावी. विकतच्या साधनाने जे साधायचे, ते फुकटच्या वस्तूंनीही साधते, हे त्यांनी करून दाखवले. मला या गोष्टीचे महत्त्व विशेष वाटते. कारण शिक्षिकेच्या हाताला येथे मान मिळाला. कापणे, चिकटवणे, ओवणे, मळणे ही बायकांची घरातली कामे. तीच शिकवण्याची कला ठरली.

परंतु बालवाडी काढली म्हणून सगळी मुले आली नाहीत. हरिजन वाड्यातील मुले येईनात. तेव्हा मुले येत नसतील तर आपणच जावे, असे ठरवून ताराबाईंनी वर्ग त्यांच्या अंगणात भरवला. घरापुढच्या अंगणात भरते ती अंगणवाडी. इतक्या साध्या विचारातून तो शब्द जन्माला आला. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटे भावंड कडेवर असते, हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी शाळेला पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याच्या या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वस्ती वारली आदिवासींची. मुले दिवसभर गुरांमागे रानात. गुरे सोडून शाळेत बसणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून शाळाच कुरणात भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. अंगण असो वा कुरण, ताराबाईंची रीत एकच होती. मुलाला बोल न लावता त्याची अडचण पाहायची आणि शाळा त्याच्याकडे न्यायची.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाडचा दिवा तेवत ठेवला. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी ती ३३ ठिकाणी होती. आज अंगणवाडी नाही असे गाव शोधावे लागेल. त्या अंगणवाड्यांपैकी एक आमच्या गावात आहे आणि तिच्यात माझी आई आहे.

हे चरित्र वाचून मी पुष्कळ वेळ ग्रंथालयात तशीच बसून राहिले. एका आईने आपल्या मुलीसाठी चांगली शाळा शोधली आणि शोधता शोधता ती सगळ्यांच्या मुलांची झाली. मी मात्र माझी आई फक्त माझी असावी म्हणून परडी उधळली होती. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. मी स्वतः त्याच अंगणवाडीत वाढले. शंभरापर्यंतची मोजणी मी शिकले, ती त्याच चिंचोक्यांवर. आईने दुसऱ्यांच्या मुलांना दिलेल्या वेळात मीही होतेच.

माझा लहानपणचा राग पुरता गेला, असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे पुरे पडता पडता आईची होणारी ओढाताण मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि घरात बाकीच्यांनी हातभार लावला असता तर ती कमी झाली असती, हेही मला कळते. थोर स्त्रियांची चरित्रे वाचताना आपण त्यांच्या त्यागाचे कौतुक करतो आणि त्यांचा भार वाटून घ्यायचे विसरतो. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण खेड्यातून आलो आहोत. सुट्टीत गावी जाल तेव्हा अंगणवाडीत एकदा डोकावा. तेथील बाईंना चार चित्रे कापून दिलीत तरी ताराबाईंचे स्मरण केल्यासारखे होईल.

यंदाच्या मे महिन्यात मी आईशेजारी ओट्यावर बसले आणि तिला ताराबाईंची सारी हकिकत सांगितली. नाव तिने प्रशिक्षणात ऐकलेले होते. पण त्यांनीही एकटीने लेक वाढवली, हे तिला नवीन होते. तिने हातातली कात्री थांबवून सगळे ऐकले. मग काही न बोलता खळीची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून चाळीस चित्रे चिकटवली.