वैराच्या नगरातील इमाम : हजरत मुसअब बिन उमैर (रजि.)

वाचकहो, एकाच नगरात राहणारी, एकच भाषा बोलणारी, एकाच पूर्वजाची लेकरे पिढ्यानपिढ्या एकमेकांचे रक्त सांडत आली असतील, तर त्यांना एका रांगेत कोण उभे करील? आपल्या मनात प्रथम एखाद्या बलाढ्य राजाचे किंवा कसलेल्या मुत्सद्द्याचे नाव येईल. इस्लामी इतिहासाने मात्र या प्रश्नापुढे एका निर्धन तरुणाचे नाव ठेवले आहे. त्याच्यापाशी सैन्य नव्हते, धन नव्हते, त्या नगरात त्याचे कोणी नातलगही नव्हते. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) हे ते नाव. उहुदच्या रणांगणातील त्यांचे हौतात्म्य आपण अनेकदा ऐकले आहे. त्याआधीच्या एका वर्षात त्यांनी यसरिब नगरात जे कार्य केले, त्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. या लेखात त्या वर्षाकडे आपण जरा निरखून पाहू.

दुभंगलेले नगर

ज्या नगराला आज आपण मदीना मुनव्वरा म्हणतो, त्याचे त्या काळचे नाव यसरिब. औस आणि खजरज हे तेथील दोन मोठे अरब कबीले. दोन्ही कबीले एकाच पित्याच्या दोन पुत्रांचे वंशज होते. तरीही त्यांच्यातील युद्धांची साखळी इतकी लांबली होती, की जुन्या ग्रंथकारांनी तिचा काळ १२० वर्षांचा सांगितला आहे. एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने, दुसऱ्याचा तिसऱ्याने. यसरिबमधील यहुदी कबीलेही या वैरात वाटले गेले होते. कोणी औसच्या बाजूने, तर कोणी खजरजच्या.

इ. स. ६१७ च्या सुमारास बुआस येथे या दोघांत अखेरचे मोठे युद्ध झाले. औसचे सेनानी हुजैर आणि खजरजचे सेनानी अम्र बिन नुअमान हे दोघेही त्यात प्राणास मुकले. जय औसचा झाला असे म्हणतात; परंतु ज्या जयानंतर दोन्ही बाजूंच्या घराघरांत विधवा आणि अनाथ मुले राहतात, त्याला जय तरी कसे म्हणावे? नगर थकले होते. खजरजमधील अब्दुल्लाह बिन उबै याला सर्वांचा राजा करावे, त्याच्यासाठी मुकुट घडवावा, असा विचार चालू झाला होता. भांडणाला कंटाळलेला समाज बहुधा असाच एखादा मुकुट शोधू लागतो.

याच काळात, इ. स. ६२० च्या हजच्या मोसमात, खजरजच्या ६ जणांची मक्केजवळील अकबा येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी भेट झाली. त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि आपल्या मनातील सल बोलून दाखविला. आमच्या लोकांइतके आपसांतील वैराने पोखरलेले लोक दुसरे नसतील, कदाचित अल्लाह आपल्या हातून त्यांना एकत्र आणील, अशा अर्थाचे ते बोलणे होते. पुढच्या वर्षी १२ जण आले. त्यांत १० खजरजचे आणि २ औसचे होते. त्यांनी शपथ घेतली आणि आपल्याबरोबर कुरआन शिकविणारा कोणी पाठवावा, अशी इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) या कामासाठी हजरत मुसअब (रजि.) यांची निवड केली.

मक्केतील ऐश्वर्य आणि त्याचा त्याग

मुसअब (रजि.) हे कुरैशांच्या बनू अब्दुद्दार या घराण्यातील. त्यांची आई खुनास बिन्ते मालिक धनाढ्य होती आणि मुलावर तिचे अपार प्रेम होते. उंची वस्त्रे, हजरमौतची पादत्राणे, आणि गल्लीतून गेले तरी मागे दरवळत राहणारे अत्तर! मक्केत त्यांच्यासारखा लाडात वाढलेला तरुण विरळा होता. अर्कम (रजि.) यांच्या घरी प्रेषितांची (स.) शिकवण त्यांच्या कानी पडली आणि त्यांनी ईमान आणले. काही काळ ही गोष्ट गुप्त राहिली. पुढे उस्मान बिन तल्हा यांनी त्यांना नमाज पढताना पाहिले आणि घरी खबर दिली. मग लाड संपले. आईने त्यांना कोंडून ठेवले. संधी मिळताच ते निसटले आणि हबशाकडे हिजरत करणाऱ्यांत सामील झाले. परतल्यावर घर, वारसा, वस्त्रे सर्व काही सुटले. एकदा ठिगळ लावलेल्या चादरीत ते समोर आले, तेव्हा त्यांचे पूर्वीचे वैभव आठवून प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत पाणी आले, असे वर्णन हदीसमध्ये आढळते.

वाचकहो, हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. ज्याने स्वतःच्या घरातील दुरावा सोसला, आईचा रोष पत्करला, पण तिच्याविषयी मनात कटुता धरली नाही, त्यालाच भाऊबंदकीने होरपळलेल्या नगरात पाठविले गेले. आपल्याच माणसांपासून तुटणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागणार नव्हते.

कोणाच्या मागे उभे राहायचे?

यसरिबमध्ये मुसअब (रजि.) हे खजरजच्या बनू नज्जार शाखेतील असद बिन जुरारह (रजि.) यांच्या घरी उतरले. ते घरोघरी जाऊन कुरआन शिकवीत. लोक त्यांना मुकरी, म्हणजे कुरआन पढविणारे, या नावाने ओळखू लागले.

सीरतच्या आद्य ग्रंथकारांनी या वर्षाविषयी एक लहानशी नोंद केली आहे. मुसअब (रजि.) तेथे नमाजचे नेतृत्व करीत, कारण औसच्या माणसाने इमाम व्हावे हे खजरजला रुचत नव्हते आणि खजरजच्या माणसाने इमाम व्हावे हे औसला रुचत नव्हते. ही नोंद कशी बोलकी आहे, पाहा! ही माणसे ईमान आणून चुकली होती. एका अल्लाहपुढे माथा टेकायला ती राजी होती. तरीही पुढे उभा असलेला माणूस कोणत्या कबील्याचा आहे, ही सल अद्याप गेली नव्हती. बुआसच्या जखमा ओल्या होत्या.

या दुबळेपणाबद्दल त्यांची निर्भर्त्सना झाली नाही आणि त्याकडे डोळेझाकही झाली नाही. दोन्ही गटांबाहेरचा, ज्याला कोणाचाही सूड घ्यायचा नाही आणि ज्याला त्या नगरात काही मिळवायचे नाही, असा माणूस पुढे उभा राहिला. त्याच्यामागे औसचा खांदा खजरजच्या खांद्याला लागू लागला. जे भाले घेऊन समोरासमोर उभे राहिले होते, ते आता एकाच दिशेला तोंड करून उभे होते. तह एकदा लिहिला जातो आणि पेटीत ठेवला जातो; रांग मात्र पुनःपुन्हा लावावी लागते. कदाचित म्हणूनच जे तहाला साधले नव्हते, ते रांगेने साधू लागले.

बागेतील भाला

एके दिवशी असद (रजि.) त्यांना घेऊन औसच्या वस्तीत, बनू जफरच्या एका बागेतील विहिरीपाशी जाऊन बसले. खजरजचा एक सरदार औसच्या हद्दीत येऊन बसला होता. ही काही साधी गोष्ट नव्हती. औसच्या बनू अब्दुल अशहल शाखेचे प्रमुख साद बिन मुआज यांना ती खटकली. परंतु असद (रजि.) हे त्यांचे मावसभाऊ. नात्यामुळे स्वतः न जाता त्यांनी उसैद बिन हुजैर यांना पाठविले आणि या दोघांना हुसकावून लावण्यास सांगितले.

हे उसैद कोण? बुआसच्या युद्धात प्राण गमावलेल्या औसच्या सेनानीचे, हुजैरचे पुत्र. पित्याच्या मृत्यूला अजून पुरती ५ वर्षेही झाली नव्हती. समोर खजरजचा सरदार बसलेला आणि हातात भाला! नगर पुन्हा पेटायला आणखी काय हवे होते? उसैद यांनी कठोर शब्दांत दोघांना निघून जाण्यास बजावले.

मुसअब (रजि.) उठले नाहीत, भांडले नाहीत, की आपल्या पाहुणेपणाची ढाल पुढे केली नाही. आपण क्षणभर बसून ऐकावे, पटले तर स्वीकारावे, न पटले तर आम्ही येथून निघून जाऊ, एवढीच त्यांनी विनंती केली. उसैद यांना ती न्याय्य वाटली. त्यांनी भाला जमिनीत रोवला आणि ते बसले. त्यांनी कुरआन ऐकला आणि ईमान आणले. नंतर त्यांनी युक्तीने साद बिन मुआज यांनाही त्याच बागेत पाठविले. तेही रागाने आले, त्यांनाही तीच विनंती झाली आणि त्यांच्याबाबतीतही तेच घडले. साद (रजि.) यांनी आपल्या लोकांपुढे जाऊन ईमानाची घोषणा केली, आणि संध्याकाळ होईपर्यंत बनू अब्दुल अशहलची जवळजवळ सर्व घरे इस्लाममध्ये आली.

या प्रसंगात भाला कोणी हिसकावून घेतला नाही. ज्याचा होता त्यानेच तो खाली ठेवला. नकार देण्याची पूर्ण मोकळीक समोर होती, म्हणूनच ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. समोरच्याचा मान राखून त्याच्याशी बोलणे, हीच मुसअब (रजि.) यांची सारी शिदोरी होती.

शांतता राखावी लागते

इ. स. ६२२ मध्ये यसरिबहून ७३ पुरुष आणि २ स्त्रिया अकबा येथे आल्या. दोन्ही कबील्यांतील माणसांनी एकत्र शपथ घेतली. त्यांच्यातून १२ प्रतिनिधी नेमले गेले. ९ खजरजचे आणि ३ औसचे. एका बाजूला असद बिन जुरारह (रजि.) होते आणि दुसऱ्या बाजूला उसैद बिन हुजैर (रजि.). हिजरतीनंतर या दोन्ही कबील्यांना अन्सार हे एकच नाव मिळाले. नगराच्या करारात यहुदी कबील्यांनाही त्यांच्या धर्मासह स्थान देण्यात आले.

तरीही जुने वैर एका दिवसात मरत नाही. पुढे एकदा अन्सार एकत्र बसले असता कोणीतरी मुद्दाम बुआसच्या युद्धातील कविता म्हणायला लावल्या. जुना अभिमान जागा झाला, शब्दाला शब्द लागला आणि शस्त्रे आणण्याची भाषा सुरू झाली. प्रेषित (स.) तत्काळ तेथे पोहोचले, त्यांनी समजावले, आणि तीच माणसे रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. सूरह आले इमरानच्या १०३ व्या आयतीत वैरी असलेल्यांची अंतःकरणे जोडण्याच्या ईश्वरी कृपेची जी आठवण आहे, तिचा संदर्भ भाष्यकार याच औस आणि खजरजशी जोडतात. इतक्या पवित्र सहवासातही शांततेला पहारा लागत होता, तर आपल्याला तो लागणार नाही काय?

अपुरी पडलेली चादर

बदरच्या युद्धात मुसअब (रजि.) यांचा सख्खा भाऊ अबू अजीज शत्रूपक्षातून लढताना कैद झाला. त्याला पकडणाऱ्या अन्सारीलाच मुसअब (रजि.) यांनी आपला भाऊ मानले. पण त्या कैद्याची आबाळ झाली नाही. अन्सार स्वतः खजूर खाऊन आपल्याला भाकरी देत, हे पुढे अबू अजीजनेच सांगितले आहे. कालपर्यंत एकमेकांचे गळे कापणारे लोक आज कैद्याला आपल्याहून चांगले अन्न देत होते.

हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या युद्धात मुसअब (रजि.) यांच्या हाती मुहाजिरांचा ध्वज होता. प्रहारामागून प्रहार झेलत त्यांनी तो सोडला नाही आणि ते शहीद झाले. वय ४० च्या आसपास. कफनासाठी एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. अखेर डोके चादरीने आणि पाय इजखिर गवताने झाकण्यात आले. ज्याने एका नगराची फाटलेली मने सांधली, त्याच्या अंगावर पुरेसे वस्त्रही नव्हते.

आता, वाचकहो, आपल्याकडे वळू. एखाद्या मशिदीत व्यवस्थापनाचा वाद होतो आणि दोन जमाती होतात. जमिनीच्या तुकड्यासाठी दोन भाऊ एकमेकांच्या मागे नमाज पढेनासे होतात. शेजारच्या वस्तीशी जुने भांडण असते आणि आपण मुलांना त्याच्या कथा रंगवून सांगतो. बुआसच्या कविताच त्या! अशा वेळी आपल्यापुढे तीन प्रश्न आहेत. या भांडणात ज्याला काहीच मिळवायचे नाही, असा माणूस आपण शोधतो काय? समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक देऊन आपण बोलतो काय? आणि समेट झाल्यावर दुसऱ्या दिवशीही त्याच रांगेत उभे राहतो काय?

उसैद (रजि.) यांच्या हातात भाला होता आणि मनात पित्याचे दुःख होते. तरी ते बसले आणि त्यांनी ऐकले. आपले दुःख त्यांच्याहून मोठे आहे, असे आपल्यापैकी किती जण म्हणू शकतील?

अल्लाह आपली अंतःकरणे जोडो, आपल्या घरांत आणि वस्त्यांत सलोखा नांदो, आणि भाला खाली ठेवण्याचे धैर्य आपल्याला लाभो. आमीन.