जेरार्ड मॅनली हॉपकिन्स : नौकाभंगाचा कवी

इंग्रजी काव्यात नौकाभंगाची वर्णने पुष्कळ आहेत. परंतु उपमा-रूपके ही केवळ शोभेची लेणी नव्हेत, हे ज्यांच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे कळून येते, अशा एका कवीची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस करून देऊ इच्छितो.

हॉपकिन्स यांचा जन्म २८ जुलै १८४४ रोजी लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्ड येथे झाला. जहाज फुटले किंवा माल बुडाला म्हणजे ते नुकसान कोणी किती सोसावयाचे, याचा हिशेब करून देणे हा त्यांच्या वडिलांचा व्यवसाय होता. पुत्रानेही पुढे बुडालेल्या जहाजाचाच हिशेब मांडला. मात्र तो निराळ्या वहीत! ऑक्सफर्ड येथे शिकत असता १८६६ साली त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला व १८६८ साली येशूसंघात प्रवेश केला. काव्याचा नाद आपल्या व्रतास शोभणार नाही असे वाटून त्यांनी आपल्या कविता जाळल्या. त्यानंतर दोनतीन प्रासंगिक रचना सोडल्यास सात वर्षे लेखणी बाजूस ठेवली.

डिसेंबर १८७५ मध्ये ब्रेमेनहून अमेरिकेस निघालेली ‘डॉइच्लँड’ ही आगबोट हिमवादळात सापडून टेम्स नदीच्या मुखाजवळील वाळूच्या दांड्यावर रुतली. मदत येईपर्यंत सुमारे तीस तास गेले आणि पन्नासाहून अधिक जीव गमावले. त्यांत जर्मनीतील कायद्यांमुळे देशत्याग करावा लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी होत्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये धर्मशास्त्राचे अध्ययन करीत होते. या घटनेवर कोणी तरी काव्य रचावे, अशी इच्छा तेथील प्रमुखांनी बोलून दाखविली. ती आज्ञाच मानून त्यांनी पस्तीस कडव्यांचे काव्य रचले.

वर्तमानपत्रांनी वेळ, वारा व मृतांची संख्या सांगितली होती. कवीस त्यापलीकडचे सांगावयाचे होते. म्हणून मृत्यू तेथे नगारा वाजवीत स्वतः बोलतो. आक्रोशावर आवाज चढविणारी उंच भगिनी सिंहीण होते. कवी स्वतःस वाळूच्या घड्याळातील वाळू म्हणवितो: कडेस स्थिर दिसणारी, पण आतून सतत घसरणारी. अखेर हा नौकाभंग म्हणजेच सुगी आणि हे वादळच धान्य घरी आणणारे असेल काय, असा प्रश्न तो करतो. एवढ्या दुःखास काही अर्थ आहे काय, ही पृच्छा साध्या विधानात मावत नाही. तेथे रूपकच उपयोगी पडते.

येशूसंघाच्या ‘द मंथ’ मासिकाने मात्र हे विलक्षण काव्य छापले नाही. १८७८ साली बुडालेल्या ‘युरिडिसी’ जहाजावरील त्यांच्या काव्याचीही तीच गत झाली. हॉपकिन्स यांनी तक्रारीचा गवगवा केला नाही. १८७७ साली दीक्षित झाल्यावर ते नेमून दिलेल्या ठिकाणी जात राहिले. १८८४ पासून डब्लिन येथे त्यांनी ग्रीक शिकविले व उत्तरपत्रिकांचे ढीग तपासले. तेथेच ८ जून १८८९ रोजी विषमज्वराने, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कविता त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी जपून ठेवल्या व १९१८ साली प्रसिद्ध केल्या. प्रती निघाल्या अवघ्या ७५०, आणि त्या खपावयास दहा वर्षे लागली. आज इंग्रजीच्या श्रेष्ठ कवींत त्यांची गणना होते. ज्याने बुडालेल्या जहाजातून अर्थ वर काढला, त्याचे स्वतःचे काव्यही असे एका मित्राच्या निष्ठेमुळे तीरास लागले. कर्तव्य निमूटपणे करणे आणि मित्राची ठेव सांभाळणे, हे दोन्ही गुण आमच्या वाचकांनी या चरित्रातून घ्यावेत.