आयर्न माईक

अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव होतं ते बॉल फेकणाऱ्याचं. त्याच्यापुढे भिंत होऊन उभे राहणारे पाच जण कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मला त्यातला माईक वेबस्टर सांगायचाय. १९७४ पासून १७ सीझन खेळला, त्यातले १५ पिट्सबर्ग स्टीलर्सकडून. चार सुपर बोल जिंकले. पण प्रत्येक चालीला समोरच्याशी धडक! निवृत्तीनंतर आठवण दगा देऊ लागली, कित्येक रात्री गाडीतच झोपला. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये जगाला कळलं, वारंवारच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार फुटबॉलपटूंनाही होतो. मित्रांनो, हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतला मेंदू हलायचा थांबत नाही. मला तरी हा प्रॉब्लेम आपल्या सिलॅबसमधलाच वाटतो.