डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ

जेम्स मॅक्यून स्मिथ याचा जन्म इ. स. १८१३ मध्ये न्यूयॉर्क शहरी एका गुलाम मातेच्या पोटी झाला. राज्याच्या कायद्याने ४ जुलै १८२७ रोजी तो दास्यातून मुक्त झाला. कृष्णवर्णीय मुलांच्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये त्याचे शिक्षण झाले. पुढे लोहाराच्या भट्टीवर काम करताना तो एका हाताने भाता ओढी आणि दुसऱ्या हातात लॅटिनचे व्याकरण धरी.

वैद्यक शिकावे अशी त्याची मनीषा होती. परंतु अमेरिकेतील विद्यालयांनी केवळ वर्णामुळे त्याला प्रवेश नाकारला. तेव्हा हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि १८३२ साली हा एकोणीस वर्षांचा तरुण अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. ते शहर गुलामांनी पिकविलेल्या तंबाखूच्या आणि साखरेच्या व्यापारावर श्रीमंत झालेले. तरी तेथेच त्याला गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर शिकता आले. गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या तेथील संस्थेचाही तो सभासद झाला. १८३५ मध्ये बी. ए., १८३६ मध्ये एम. ए. आणि १८३७ मध्ये एम. डी. अशा तीन पदव्या त्याने मिळविल्या. वैद्यकाची पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन होय.

मायदेशी परतण्यासाठी त्याने जहाजावर जागा ठरविली, तर कप्तानाने वर्ण पाहून त्याला घेण्याचे नाकारले! त्याला दुसऱ्या जहाजाने यावे लागले.

न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर स्मिथांनी दवाखाना आणि औषधांचे दुकान थाटले. कृष्णवर्णीय अनाथ बालकांच्या आश्रमाचे ते अनेक वर्षे वैद्य होते. १८४० च्या जनगणनेवरून, स्वातंत्र्य मिळाले की कृष्णवर्णीयांना वेड लागते, असा प्रचार होऊ लागला. स्मिथांनी ते आकडे बारकाईने तपासले. ज्या गावी एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तेथेही वेडे कृष्णवर्णीय नोंदलेले आढळले! १८४४ मध्ये त्यांनी ही लबाडी वृत्तपत्रातून उघड केली. एवढी विद्वत्ता असूनही अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेने त्यांना कधीच सभासद करून घेतले नाही.

जुलै १८६३ मध्ये दंगलखोरांनी तो अनाथाश्रम जाळला. दोनशेहून अधिक मुले सुखरूप बाहेर पडली. त्यानंतर स्मिथ कुटुंबासह ब्रुकलिनला राहावयास गेले. १७ नोव्हेंबर १८६५ रोजी ते निवर्तले. अमेरिकेतील गुलामगिरी घटनेनेच बंद झाली ती त्याच वर्षी ६ डिसेंबरला. ग्लासगो विद्यापीठाने २०२१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या एका भव्य इमारतीस त्यांचे नाव दिले आहे.