उत्तर न सांगणारे प्राध्यापक

पदवीनंतर कायद्याचे शिक्षण घ्यावे असे माझ्या मनात आहे. ते कळल्यावर आमच्या सरांनी मला ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांच्याविषयी वाचायला सांगितले. नाव ऐकून हसू आले. पण हे कोलंबस समुद्रावर नव्हे, ग्रंथालयात रमले.

१८२६ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. गिरणीत राबून, हार्वर्डच्या विधिशाळेत ग्रंथपालाच्या हाताखाली काम करून ते शिकले. पुढे न्यूयॉर्कला वकिली केली. १८७० मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी त्यांना विधिशाळेचे अधिष्ठाता केले.

त्या काळी प्राध्यापक नियम सांगत, विद्यार्थी ऐकत. दीड वर्ष हजेरी लावली की पदवी पदरात! (आपल्यापैकी काहींना ही व्यवस्था आवडेल.) लँगडेल यांनी मूळ न्यायनिर्णयच विद्यार्थ्यांच्या हाती दिले. करारविषयक निवाड्यांचा त्यांचा संग्रह १८७१ मध्ये निघाला. त्यातला पहिला खटला १७८९ चा, इंग्लंडमधला : पेन विरुद्ध केव्ह. लिलावात बोली लावणाऱ्याने हातोडा पडण्याआधीच माघार घेतली. त्याला तसे करता येते काय? न्यायालय म्हणाले, येते. पण लँगडेल तेवढ्यावर थांबत नसत. आधी हकीकत सांगा, मग कारण सांगा, आणि ते कारण पटले का, तेही सांगा! विद्यार्थी वैतागले. आम्ही शिकायला आलो आहोत, शिकवायला नव्हे, अशी त्यांची तक्रार. वर्गात बोटांवर मोजण्याइतके उरले. इलियट मात्र पाठीशी राहिले. लँगडेल यांनी परीक्षा कडक केल्या, अभ्यासक्रम तीन वर्षांवर नेला. पुढे हीच पद्धत अमेरिकेतील विधिशाळांनी उचलली. हार्वर्डच्याच व्यवस्थापनशाळेने तिला आपले वळण दिले व तेथून ती अहमदाबादच्या संस्थेत आली.

मला एक गोष्ट खटकते. ग्रंथालय हीच कायद्याची प्रयोगशाळा, असे ते मानीत. छापील निवाड्यात पक्षकाराचे रडणे कुठे उमटते? शिवाय त्या विधिशाळेत मुलींना प्रवेश मिळाला तो १९५० मध्ये. म्हणजे त्यांच्या वर्गात मला बसताच आले नसते.

तरीही परवा सरांनी वर्गात प्रश्न विचारला, तेव्हा वहीत डोके खुपसून बसलेली मी लँगडेलांच्या आठवणीने उभी राहिले. उत्तर चुकले. सरांनी बसा म्हटले नाही. असे का वाटते, एवढेच विचारले.

उतारवयात लँगडेल यांची दृष्टी फार अधू झाली. मग प्रश्नोत्तरे सोडून त्यांना व्याख्यानेच द्यावी लागली. १९०६ साली ते वारले.