जिराफाच्या मानेत अडकलेला शास्त्रज्ञ

शाळेत उत्क्रांतीचा धडा सुरू झाला की जिराफ येतोच. उंच झाडांचा पाला खाण्यासाठी जिराफाने मान ताणली, ती लांबली आणि ही लांबी पिल्लांमध्ये उतरली, असे लामार्क यांनी सांगितले. ते चुकीचे ठरले आणि मग डार्विन आले. परीक्षेपुरते एवढेच लक्षात राहते. लामार्क यांचे खरे काम मात्र त्या जिराफामागे झाकले गेले.

ज्याँ-बाप्तिस्त लामार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतात झाला. घराणे उमरावाचे, पण पैशांची चणचण. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. वडिलांच्या निधनानंतर लामार्क यांनी मात्र घोडा विकत घेतला आणि थेट रणांगण गाठले. पुढे मानेच्या दुखापतीमुळे त्यांना सैन्य सोडावे लागले. पॅरिसमध्ये तुटपुंज्या पेन्शनवर राहताना त्यांनी काही काळ बँकेत काम केले, वैद्यकाचा अभ्यास केला आणि शेवटी ते वनस्पतींमध्ये रमले.

१७७८ मध्ये फ्रान्समधील वनस्पतींवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ तयार झाला. प्रत्येक पायरीवर दोन पर्यायांपैकी एक निवडत अनोळखी झाडाच्या नावापर्यंत पोहोचायचे, ही सोपी रीत त्यात होती. वनस्पती ओळखण्यासाठी ती आजही वापरली जाते. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी या ग्रंथाला पाठबळ दिले आणि पुढच्याच वर्षी लामार्क विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये पॅरिसच्या शाही उद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले. तेथे लामार्क यांच्या वाट्याला कीटक आणि कृमी हा विषय आला. आयुष्यभर झाडांचा अभ्यास केलेला माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्या विषयाचा विद्यार्थी झाला. लिनियस यांनी पाठीचा कणा नसलेले सारे प्राणी कीटक आणि कृमी अशा दोनच गटांत टाकले होते. लामार्क यांनी खेकडे-कोळंबी, कोळी-विंचू आणि गांडुळांसारखे प्राणी यांचे वेगळे वर्ग केले. कणा असणे-नसणे हा प्राण्यांमधील मुख्य भेद त्यांनीच रूढ केला. सजीवांच्या अभ्यासाला ‘बायोलॉजी’ हे नाव सुरुवातीला वापरणाऱ्यांमध्येही ते होते.

पॅरिसच्या परिसरातील शिंपल्यांचे जीवाश्म तपासताना त्यांना ते आजच्या शिंपल्यांसारखे, तरी थोडे वेगळे दिसले. प्राणिजाती कायम तशाच राहत नाहीत, दीर्घ काळात हळूहळू बदलतात, या निष्कर्षापर्यंत ते आले. १८०९ मध्ये हा विचार त्यांनी ग्रंथरूपात सविस्तर मांडला. डार्विन यांचा जन्मही त्याच वर्षीचा. जिराफाचे उदाहरण त्या ग्रंथात अगदी थोडक्यात आहे.

बदल कसा होतो, हे सांगताना लामार्क चुकले. वापराने कमावलेले गुण संततीत उतरतात, असे त्यांनी मानले. पण ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. तो त्या काळचा सर्वसाधारण समज होता आणि स्वतः डार्विन यांनीही तो पूर्णपणे सोडला नाही. तरी शिक्का बसला तो लामार्क यांच्यावर. त्याची सुरुवात संग्रहालयातील सहकारी क्युव्हिए यांच्यापासून झाली. प्राणिजाती बदलतात हे त्यांना मान्य नव्हते. लामार्क यांच्यावर त्यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख १८३२ मध्ये अकादमीत वाचला गेला. प्राणी केवळ इच्छेने नवे अवयव मिळवतात, असे लामार्क यांचे मत असल्यासारखे चित्र त्यातून उभे राहिले. लामार्क यांनी मात्र बदलती परिस्थिती, त्यातून येणाऱ्या गरजा आणि सवयी यांबद्दल लिहिले होते.

शेवटची सुमारे दहा वर्षे लामार्क अंध होते. अपृष्ठवंशीय प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथाचे उरलेले काम मुलीच्या मदतीने पुरे झाले. १८ डिसेंबर १८२९ रोजी त्यांचे निधन झाले. दफनासाठी जागा मिळाली तीही भाड्याची. मुदत संपल्यावर अवशेष हलवले गेले, त्यामुळे आज त्यांची कबर नाही. त्याच उद्यानात १९०९ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

अलीकडे जनुकांवरील रासायनिक खुणांच्या, म्हणजे एपिजेनेटिक्सच्या संशोधनाची बातमी आली की लामार्क बरोबर होते, असे मथळे झळकतात. तेही घाईचे आहे. गरोदरपणातील उपासमारीचा बाळावर दीर्घकाळ परिणाम होऊ शकतो. पण व्यायामाने कमावलेले दंड मुलाला वारशाने मिळत नाहीत. लामार्क यांना त्यासाठी जिंकवण्याची गरजही नाही. सजीव बदलतात, हे सांगायला धाडस लागत होते त्या काळात त्यांनी ते सांगितले. धड्यात जिराफाशेजारी एवढे एक वाक्य यायला हरकत नाही.